लेकीला जर्मनीला पाठवायचं, पण कोणत्या गावाला?

पत्र: ताई, नमस्कार. मी इचलकरंजीत माग चालवतो. चोवीस साधे माग होते, ते मोडून सहा जुने सुल्झर (बिनधोट्याचे) माग घेतले. काम खर्चीचं, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणायचं. मुलीनं गेल्या वर्षी टेक्स्टाइलची बी.टेक. केली, ७.८ सीजीपीए आहे. तिला पुढं शिकायला जर्मनीला जायचंय. एका एजंटनं बर्लिनमधलं खासगी विद्यापीठ सुचवलंय. मॅनेजमेंटचा कोर्स, सगळं इंग्रजीत, फी तेरा लाख, शिवाय बारा लाख ‘ब्लॉक’ करायचे. सीट धरून ठेवायला पन्नास हजार मागतोय. मेहुणे म्हणतात, जर्मनी मंदीत आहे, तिकडं कशाला, कॅनडा बघा. गावाकडचा प्लॉट गहाण टाकायचा विचार आहे. हा देश नेमका कसा आहे, तिथली कॉलेजं कशी चालतात आणि घातलेला पैसा परत येईल का, एवढं सांगा. पोरगी एकटी जाणार, त्याचीही काळजी आहे.
— एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

दादा, नमस्कार.

एजंटला पन्नास हजार देऊ नका. दिले असतील तर पावती घेऊन उद्याच परत मागायला जा. बाकीचं आता सावकाश सांगते.

मी पूर्व जर्मनीत तीन वर्षं शिकले आणि परत आल्यापासून पुण्यात जर्मन शिकवते. माझ्याकडं येणाऱ्या आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, ‘तिथलं टॉपचं कॉलेज कोणतं?’ आपल्याकडं हा प्रश्न बरोबर आहे. आयआयटी वर आणि बाकीचे खाली, अशी उतरंड आपल्या अंगवळणी पडली आहे. जर्मनीत ती उतरंड एवढी चढी नाही. तिथं विचारायचं असतं ते, ‘माझ्या विषयाचं गाव कोणतं?’ तुमच्या लेकीच्या विषयाची गावं तिथं आहेत. त्यांतलं एकही एजंटनं तुम्हाला सांगितलेलं नाही, म्हणून मी नकाशापासून सुरुवात करते.

जर्मनी आकारानं महाराष्ट्राहून थोडा मोठा. आपण ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, ते ३,५७,००० च्या आसपास. माणसं मात्र साडेआठ कोटींच्या आत. उत्तरेला समुद्राकडं सपाट शेतजमीन, तळाला आल्प्सचा काठ आणि मधे जुन्या, झिजलेल्या डोंगररांगा. यातला हार्त्स काय किंवा पूर्वेकडच्या सॅक्सनी राज्यातला एर्त्सगेबिर्ग काय, कळसूबाईपेक्षा बुटके. पण देशाचा उद्योग या बुटक्या डोंगरांच्या पायथ्याशीच वाढला. तिथं वाहतं पाणी होतं, लाकूड होतं, पोटात धातू होता, आणि शेती एवढी हलकी की माणसांना हाताला दुसरं काम शोधावंच लागलं. घरोघरी माग बसले ते अशाच भागात.

पश्चिमेला ऱ्हाइन नदी. तिला पूर्वेकडून येऊन मिळणारी वुपर नावाची छोटी नदी आहे. तिच्या पाण्यात चुना कमी. पाणी जड असलं की सुताचं आणि रंगाचं काय होतं, ते सायझिंग (सुताला खळ देणं) आणि प्रोसेसवाल्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला मी काय सांगणार. हे पाणी हलकं, म्हणून तिथं सूत धुवून गवतावर उन्हात पांढरं करायचा धंदा सुरू झाला आणि १५२७ साली तिथल्या लोकांना त्याचा मक्ता मिळाला. सुतामागून विणकाम आलं, विणकामामागून रंग. १८६३ साली त्याच खोऱ्यातल्या बार्मेनमध्ये फ्रीडरिश बायरनं रंगाचा कारखाना काढला. औषधाच्या खोक्यावर तुम्ही आज जी बायर वाचता, ती हीच कंपनी. ऱ्हाइनच्या काठावरच्या बीएएसएफनं १८९७ साली कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडची निळीची शेती त्यात बसली. एका नदीचं पाणी मऊ होतं, एवढ्यावरून हे सगळं वाढत गेलं.

वुपरपासून पश्चिमेला, ऱ्हाइन ओलांडून गेलं की क्रेफेल्ड आणि म्योन्शनग्लाडबाख ही दोन गावं लागतात. क्रेफेल्ड रेशमाचं आणि मखमलीचं. म्योन्शनग्लाडबाख सुती कापडाचं, आणि त्याला लोक काय म्हणायचे माहीत आहे? ‘ऱ्हाइनकाठचं मँचेस्टर’. पार पूर्वेला सॅक्सनीत केम्निट्स आहे, ते ‘सॅक्सनीचं मँचेस्टर’. आणि १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला तेव्हापासून वाढत गेलेलं तुमचं गाव ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’. तुमचं पत्र वाचताना मला पहिल्यांदा हेच आठवलं.

केम्निट्सला एका जुन्या ओतशाळेत उद्योगांचं संग्रहालय आहे. मी तिथं गेले तेव्हा एक म्हातारा माणूस जुना माग चालू करून दाखवत होता. त्यानं पट्टा चढवला, दांडा ओढला आणि खडखडाट सुरू झाला. तेल आणि सुताच्या पुंजक्यांचा तोच वास, जो इचलकरंजीत विक्रमनगरच्या गल्लीतून जाताना येतो. मधेच ताण्याचा धागा तुटला. त्यानं माग थांबवला, दोन बोटांत धागा धरला आणि न बघता गाठ मारली. मी विचारलं, किती वर्षं हे काम केलंत? म्हणाला, गिरणी बंद होईपर्यंत.

१९९० साली दोन्ही जर्मनी एक झाले आणि पूर्वेकडच्या गिरण्या काही वर्षांतच बंद पडल्या. त्यांचं कापड ज्या रशियन गिऱ्हाइकाला जायचं तोच उरला नाही आणि पश्चिमेच्या चलनात त्यांचा माल परवडेना. तीन लाखांवर वस्ती असलेलं केम्निट्स अडीच लाखांच्या आसपास आलं. तरणी माणसं पश्चिमेला निघून गेली. लालबाग-परळनं १९८२ च्या संपानंतर जे पाहिलं, ते त्यांनी थोड्या वेगळ्या वाटेनं पाहिलं. पश्चिमेकडच्या गिरण्या तर त्याच्याही आधीपासून बंद पडत होत्या, कारण कापड आशियात स्वस्त बनायला लागलं होतं. युरोपातली मोडलेली गिरणी जुन्या बाजारातून मागांसकट आपल्याकडं येते, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचे सुल्झर जुने आहेत म्हणता, त्यांनी आधीची वर्षं कुठल्या देशात काढली हे एकदा पाटीवर बघा.

मग तिथं उरलं काय? तुमच्या लेकीसाठी हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. कापड गेलं, पण कापड बनवणारी यंत्रं, सुया आणि अक्कल तिथंच राहिली. बोडन सरोवराच्या काठावर लिंडाउ नावाचं बेटासारखं गाव आहे, डॉर्निअरचे रॅपिअर आणि एअरजेट माग तिथले. श्वेबियाच्या डोंगरात आल्बश्टाट आहे, तिथं १८५२ पासून ग्रोट्झ-बेकर्ट सुया बनवते आणि त्या जगभर जातात. ताणा-विणाईची यंत्रं बनवणारी कार्ल मायर फ्रँकफुर्टजवळ. कापूस पिंजायची (कार्डिंगची) यंत्रं बनवणारी ट्रुट्शलर म्योन्शनग्लाडबाखमध्ये, आणि ती मूळची सॅक्सनीतली, महायुद्धानंतर पश्चिमेला आलेली. यातली एकही कंपनी बर्लिनमध्ये नाही. जर्मन अर्थव्यवस्थेचा कणा असाच आहे. पाच-पन्नास हजार वस्तीच्या गावात, बहुतेक वेळा एकाच घराण्याच्या मालकीची कंपनी, एकच वस्तू तीन-चार पिढ्या बनवत आलेली आणि बहुतेक माल परदेशी पाठवणारी. ते लोक अशा कंपन्यांना मिटेलश्टांड म्हणतात. मर्सिडीझ आणि बॉश आपल्याला चाकणमुळं ठाऊक असतात, पण त्या देशाला रोजगार देतात त्या या कंपन्या.

विद्यापीठंही तशीच उगवली आहेत. हायडेलबर्गचं १३८६ चं आहे, जर्मनीतलं सगळ्यात जुनं. तिथं धर्म, कायदा, वैद्यक शिकवायचे. १८१० साली बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन हुम्बोल्टनं शिकवणं आणि संशोधन एका छताखाली आणलं, आणि जगातल्या पुष्कळ विद्यापीठांनी तो साचा उचलला. पण तांत्रिक शिक्षणाची कहाणी वेगळी. एर्त्सगेबिर्गच्या पायथ्याशी फ्रायबेर्गमध्ये ११६८ साली चांदी सापडली, म्हणून १७६५ साली खाणकामाची अकादमी तिथंच निघाली, आणि ती अजून चालू आहे. क्रेफेल्डला विणकर होते, म्हणून १८५५ साली तिथं विणकामाची शाळा निघाली. त्याच साली रॉइटलिंगनलाही निघाली. क्रेफेल्ड आणि म्योन्शनग्लाडबाख या दोन गावांतल्या जुन्या शाळा एकत्र येऊन १९७१ साली आजची होखशूल नीडरऱ्हाइन झाली, आणि रॉइटलिंगनची शाळा वाढत वाढत होखशूल रॉइटलिंगन झाली. दोन्हीकडं टेक्स्टाइल विभाग आजही जोरात आहेत. बव्हेरियात होफ गावच्या होखशूलची म्युन्शबेर्गला टेक्स्टाइलची शाखा आहे.

‘होखशूल’ या शब्दानं घाबरू नका. शब्दशः ‘उच्च शाळा’ होतो आणि मग कोणी तरी नातेवाईक म्हणतो, हायस्कुलात कशाला पाठवता? ते हायस्कूल नाही. तिथं दोन जातीची उच्चशिक्षणाची ठिकाणं आहेत. एक विद्यापीठ, जिथं सिद्धांत आणि संशोधनावर भर असतो आणि पुढं पीएच.डी. करता येते. दुसरी उपयोजित शास्त्रांची होखशूल, जिथं प्राध्यापक होण्याआधी माणसानं कारखान्यात काही वर्षं काम केलेलं असावं लागतं, वर्ग छोटे असतात आणि प्रबंधाचा विषय बहुतेक वेळा कंपनीच देते. दोन्हीकडची मास्टर्स पदवी कागदावर सारखी. तिला पीएच.डी. करायची असेल तर आखेन किंवा ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाकडं बघा, दोन्हीकडं टेक्स्टाइलच्या मोठ्या संशोधन संस्था आहेत. कार्बनच्या धाग्याची जाळी विणायची आणि लोखंडी सळीऐवजी ती काँक्रीटमध्ये घालायची, हे काम तिथं वर्षानुवर्षं चाललं. ड्रेस्डेनमध्ये अशा काँक्रीटची एक अख्खी इमारत उभी आहे, ‘क्यूब’ नावाची. सळी गंजते, कार्बन गंजत नाही, म्हणून भिंत पातळ चालते. मागावर काय काय विणता येतं हे लेकीला कळावं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता फीचं. जर्मनीत उच्चशिक्षण हा केंद्राचा नाही, १६ राज्यांचा विषय आहे आणि म्हणून राज्य बदललं की नियम बदलतो. २००५ साली तिथल्या घटना न्यायालयानं फी लावायला वाट मोकळी केली, तेव्हा काही राज्यांनी सेमिस्टरला ५०० युरोंपर्यंत फी लावून पाहिली. लोकांनी एवढा विरोध केला की एकेक राज्य मागं फिरलं आणि २०१४ मध्ये शेवटच्या राज्यानंही ती काढून टाकली. आजही बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनासुद्धा शिक्षण शुल्क नाही. सेमिस्टरला काही शे युरोंची वर्गणी असते आणि पुष्कळ ठिकाणी त्यात बस-रेल्वेचा पास येतो. दोन अपवाद लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपबाहेरच्या मुलांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, रॉइटलिंगन त्याच राज्यात आहे. आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४ च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला सेमिस्टरमागं ४,००० ते ६,००० युरो घ्यायला लागलं आहे. म्योन्शनग्लाडबाख, आखेन ज्या राज्यात आहेत, त्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात परदेशी मुलांना अशी सरसकट फी नाही. तरी ज्या कोर्सला अर्ज करायचा, त्याचं पान स्वतः उघडून बघायचं. सरकारी विद्यापीठाचाही एखादा कोर्स वेगळी फी घेणारा असतो.

मग एजंट बर्लिनच का सांगतो? सरकारी विद्यापीठ त्याला दमडी देत नाही, पुष्कळशी खासगी कॉलेजं देतात. सगळी खासगी कॉलेजं फसवी नसतात, काही चांगली आहेत आणि सरकारमान्यही आहेत. पण टेक्स्टाइलमध्ये चार वर्षं घातलेल्या मुलीनं तेरा लाख देऊन मॅनेजमेंटची पदवी घ्यायची, तीही जिथं तिच्या धंद्याच्या फारशा कंपन्या जवळ नाहीत अशा शहरात, याला मी हो म्हणणार नाही. इंटर्नशिप गावातल्या कंपनीत मिळते, इंटर्नशिपवरून प्रबंध मिळतो आणि प्रबंधावरून नोकरी. तिथं ही साखळी अशीच चालते. शिवाय अर्धे तास ऑनलाइन घेणारा कोर्स असेल तर राहण्याचा परवानाच अडकू शकतो, कारण तो परवाना तिथं हजर राहून शिकण्यासाठी असतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडं शिकणारी एक मुलगी अशाच एका कॉलेजात गेली. दोन खोल्यांचं ऑफिस निघालं. आता ती पुन्हा पहिल्यापासून सरकारी विद्यापीठाचे अर्ज भरते आहे, आणि घरच्यांचे पैसे गेले ते गेलेच.

‘ब्लॉक’ करायच्या बारा लाखांबद्दल मात्र एजंट खोटं बोललेला नाही, फक्त नीट सांगितलं नाही. ती फी नाही. पोरगी उपाशी राहणार नाही याची खात्री म्हणून जर्मन सरकार एका वर्षाचा खर्च आधी खात्यात भरायला लावतं. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो आकडा ११,९०४ युरो आहे. पैसे तिच्याच नावावर असतात आणि तिथं पोचल्यावर तिला महिन्याला ९९२ युरो मिळत जातात. त्यात खोलीचं भाडं, खाणं आणि आरोग्य विमा भागवायचा. विम्याचेच महिन्याला दीडशेच्या आसपास जातात. म्योन्शनग्लाडबाखला किंवा केम्निट्सला हे भागतं, म्युनिकला ओढाताण होते. युरो शंभर रुपये धरला तर पहिल्या वर्षाला बारा, विमान आणि कागदपत्रांचे धरून साडेतेरा लाख होतात. दुसऱ्या वर्षाला पुन्हा जवळपास तेवढेच लागतात, पण त्यातला बराच भाग ती स्वतः कमवू शकते. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे आणि २०२६ पासून किमान मजुरी तासाला १३.९० युरो आहे. पहिले सहा महिने मात्र कमाई शून्यच धरा. भाषा कच्ची असते, अभ्यास अंगावर येतो, आणि पैशाच्या घाईत गोदामात रात्रपाळ्या करणारी मुलं परीक्षेत बसतात खरी, पण पास होत नाहीत.

पास होण्याचं आधीच सांगून ठेवते, कारण एजंट हे कधीच सांगत नाही. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की विद्यापीठातून नाव कमी होतं आणि तोच विषय घेऊन देशात दुसरीकडंही प्रवेश मिळणं कठीण होतं. आपल्याकडं एटीकेटी लागली तरी पुढं सरकता येतं, तिथं तसं नाही. माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा द्रवगतिकीत तिसऱ्यांदा बसला होता. निकालाच्या दिवशी तो तीन तास विद्यापीठाच्या पायरीवर बसून होता, आत जाऊन यादी बघायचा धीर होईना. शेवटी मीच बघून आले. पास होता. त्याच्या हातातली कॉफी तशीच गार पडलेली होती.

लेकीचे मार्क चांगले आहेत. जर्मन लोक आपले गुण एका सूत्रानं त्यांच्या श्रेणीत बदलतात. तिथं १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. तिच्या विद्यापीठात दहापैकी ४ ला पास धरत असतील तर ७.८ चे २.१ होतात, ५ ला धरत असतील तर २.३. पुष्कळ ठिकाणी २.५ च्या आतली श्रेणी मागतात, म्हणजे ती बसते. शाहू महाराजांच्या नावाची किंवा तशी राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती तिला लागू होत असेल तर तिथं जागतिक क्रमवारीची अट असते. तेवढ्यापुरतं नावाजलेलं विद्यापीठ शोधावं लागेल, होखशूल त्या यादीत येत नाहीत. हा एकच प्रसंग, जिथं ‘टॉपचं कोणतं’ हा प्रश्न मी चालवून घेते.

मेहुणे म्हणतात ते खोटं नाही. जर्मन अर्थव्यवस्था अमेरिका आणि चीनच्या मागोमाग तिसरी आहे, पण २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं ती आकसली. स्वस्त रशियन गॅसवर कारखाने चालायचे, तो २०२२ साली थांबला. शेवटच्या अणुभट्ट्या २०२३ च्या एप्रिलमध्ये बंद झाल्या. दगडी कोळशाची शेवटची खाण तर २०१८ सालीच, रुहर खोऱ्यातल्या बोट्रोपला. वीज महाग झाली, चीन स्वतःच विजेवरच्या गाड्या विकायला लागला आणि फोक्सवागननं २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करायचा करार २०२४ च्या अखेरीस केला. मोटारीच्या सुट्या भागांकडं जाणाऱ्या मुलांना मी सध्या दोनदा विचार करायला सांगते. कापडयंत्रांचा धंदाही आपल्यासारख्या देशांतल्या मागणीवर वरखाली होतो, तुम्हाला मंदीत माग बंद ठेवावे लागले की तिकडं नव्या मागाची ऑर्डर पुढं ढकलली जाते. पण दुसऱ्या बाजूला तिथली माणसं म्हातारी होताहेत, निवृत्त होणारे जास्त आणि कामाला येणारे कमी. म्हणूनच २०२४ मध्ये त्यांनी भारतातल्या कुशल लोकांसाठी वर्षाचे व्हिसा २०,००० वरून ९०,००० करायचं ठरवलं. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. कॅनडानं मात्र २०२४ पासूनच विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आणली आहे, आणि तिथली फी तुम्ही मेहुण्यांनाच विचारा.

पैसे परत येतील का, याचं माझं उत्तर असं. जर्मन नीट आली तर येतील, नाही आली तर अवघड. आल्बश्टाटच्या सुईच्या कारखान्यात कोर्स इंग्रजीत केलाय असं सांगून भागत नाही. फोरमन त्याच्या गावच्या बोलीत बोलतो. निघायच्या आधी बी१ पर्यंत (भाषेच्या सहा पायऱ्यांतली तिसरी) मजल मारायचीच, त्याला रोज दोन तास दिले तर दहा-अकरा महिने लागतात. मराठी मुलांना एक गोष्ट सोपी जाते. जर्मनला तीन लिंगं आहेत आणि इंग्रजीवरून येणारा त्यानं गांगरतो, पण आपल्याला ‘तो, ती, ते’ जन्मापासून येतं. तिला पहिले तीन शब्द माझ्याकडून सांगा. तो माग, डेअर वेबश्टूल. ती सुई, डी नाडेल. ते सूत, डास गार्न. तिन्ही लिंगं आपल्यासारखीच. पुढं सगळे शब्द इतके गुणी निघत नाहीत.

एकटी राहण्याची काळजी मला समजते. माझ्या वडिलांनीही पहिले दोन महिने नीट झोप घेतली नव्हती. तिथं मुली रात्रीच्या ट्रामनं एकट्या येतात-जातात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम, पण जागा कमी असतात, म्हणून प्रवेश मिळाल्याच्या दिवशीच नाव घालायचं. नाही मिळालं तर चार जणी मिळून घर घेतात. पूर्वेकडच्या काही भागांत परदेशी माणसांविषयी राग आहे, तिथल्या राजकारणातही तो दिसतो. मला स्वतःला दोनदा रस्त्यात वाईट बोलणं ऐकावं लागलं. आणि त्याच गावात वरच्या मजल्यावरच्या आजी दर शनिवारी मला केक आणून द्यायच्या. पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्या मुलीसाठी मी ऱ्हाइनकडचाच भाग सुचवेन. म्योन्शनग्लाडबाखहून ड्युसेलडॉर्फ रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आसपास आणि त्या पट्ट्यात आपली माणसं पुष्कळ आहेत.

पुढच्या कामाचा क्रम सांगते. भारतीय मुलांना विद्यार्थी व्हिसासाठी २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र लागतं. तिचे सगळे मार्कलिस्ट खरे आहेत का, हे तपासून ते देतात. फी १८,००० रुपये, आणि हे काम तिनं घरी बसून स्वतः करायचं. या महिन्यातच अर्ज टाका, कारण उन्हाळ्यात रांग वाढते. वर्ग ऑक्टोबरात भरतात आणि अर्जाची मुदत कुठं मार्चला, कुठं मेमध्ये, कुठं १५ जुलैला संपते. जर्मनचा क्लास आजच लावा. प्लॉट गहाण टाकायचाच झाला तर पंचवीस लाखांसाठी नको, पहिल्या वर्षाला कमी पडतील तेवढ्यासाठीच आणि तोही सरकारी बँकेच्या शिक्षणकर्जात. हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो. माग विकू नका. ती सुट्टीत आली की तिला त्या मागांपाशी उभं राहून तिथं शिकलेलं पडताळून बघायला मिळेल.

अजून एक. तुमच्या गावची रंगाची कामं आणि पंचगंगेचं पाणी, हे तुम्ही रोज बघता. वुपरही एकेकाळी रंगाच्या पाण्यानं रोज वेगवेगळ्या रंगाची वाहायची. तिथं आता मासे आहेत. रंगाईचं पाणी स्वच्छ करणं आणि कमी पाण्यात रंगवणं हा तिकडच्या टेक्स्टाइल विभागांचा मोठा विषय आहे. मास्टर्सच्या अर्जाबरोबर एक पानाचं पत्र लिहावं लागतं, मला हेच का शिकायचंय असं सांगणारं. एजंट ते छापील देतो आणि प्राध्यापक पहिल्या दोन ओळींत ओळखतात. तिनं ते स्वतः लिहावं, वडिलांच्या शेडपासून सुरुवात करून.

तुमच्या पत्रात माग किती, फी किती, मेहुणे काय म्हणाले, सगळं आहे. पण बी.टेक.च्या शेवटच्या वर्षी तिचा प्रकल्प कशावर होता, ते नाही. सूत, विणाई, रंगाई की यंत्र, यावर गाव ठरेल. ते तिला स्वतःच्या हातानं मला लिहून पाठवायला सांगा.